वाचकांचे प्रश्न : भिंतीतून जाणारे भिक्खू आणि वाऱ्यावर बसणारे ताओवादी

बौद्ध आणि चीनच्या ताओ परंपरांतल्या अलौकिक शक्तींबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे इथे देत आहोत. या शक्ती खऱ्या की खोट्या, हा वाद मुद्दाम बाजूला ठेवला आहे. त्यांसाठी काय करावे लागते, कुठे बिघडते आणि मिळाल्याच तर कोणती बंधने येतात, हे या परंपरांनी फार बारकाईने लिहून ठेवले आहे. उत्तरांचा भर त्यावर आहे.

प्रश्न : ‘षडभिज्ञा’ म्हणजे नेमक्या कोणत्या सहा गोष्टी? प्रत्येक अर्हताला, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्याला, त्या सहाही असतातच ना?

पाली ग्रंथांतला क्रम असा आहे. इद्धिविध म्हणजे एकाचे अनेक होणे, भिंतीतून पार जाणे, पाण्यावर चालणे, आकाशातून जाणे यांसारख्या शक्ती. दिब्बसोत म्हणजे दूरचे आवाज ऐकणे. चेतोपरिय म्हणजे दुसऱ्याच्या चित्ताची अवस्था ओळखणे. पुब्बेनिवासानुस्सति म्हणजे मागच्या जन्मांचे स्मरण. दिब्बचक्खु म्हणजे प्राणी मरताना आणि आपापल्या कर्माप्रमाणे पुन्हा जन्मताना दिसणे. सहावी आसवक्खय, म्हणजे चित्तातले आसव, सगळी मलिनता, कायमची संपल्याचे ज्ञान.

दीघ निकायातल्या सामञ्ञफल सुत्तात बुद्ध हे सगळे मगधराज अजातशत्रूला सांगतात. तिथल्या उपमा लक्ष देऊन वाचाव्यात, कारण त्या सगळ्या रोजच्या कामातल्या आहेत. इद्धीला उपमा कुंभाराची दिली आहे : माती नीट मळलेली असली की हवे ते भांडे घडते. परचित्तज्ञानाला उपमा आरशात किंवा स्वच्छ पाण्याच्या भांड्यात तोंड पाहणाऱ्या तरुणाची किंवा तरुणीची : चेहऱ्यावर तीळ आहे की नाही, ते सरळ दिसते. मुख्य मेहनत माती मळण्यात आहे, म्हणजे चित्त मऊ आणि कामाजोगे करण्यात, हा मुद्दा या उपमांतून आपसूक येतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पहिल्या पाच लौकिक आहेत. त्या बौद्ध नसलेल्या तपस्व्यालाही मिळू शकतात आणि मिळालेल्या जाऊही शकतात. सहावी लोकोत्तर, ती फक्त अर्हताची आणि ती जात नाही. पण सहावी असलेल्याला पहिल्या पाच असतीलच असे मुळीच नाही. संयुत्त निकायात सुसीम नावाचा परिव्राजक अर्हत झालेल्या भिक्खूंना एकेक शक्ती घेऊन विचारतो, ही आहे का, ती आहे का? ते प्रत्येक वेळी नाही म्हणतात. आपण पञ्ञाविमुत्त, म्हणजे प्रज्ञेने मुक्त झालेले आहोत, एवढेच त्यांचे उत्तर. मुक्ती आणि शक्ती या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा उतारा शोधूनही सापडणार नाही.

प्रश्न : कसिण ध्यानातून इद्धी मिळते असे वाचले. कसिण बनवतात कसे? माप, माती, अंतर असे काही ठरलेले असते का?

असते, आणि ते फार नेमके आहे. कसिण म्हणजे नजर आणि चित्त स्थिर करायला समोर ठेवलेली वस्तू. पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या महाविहारात बुद्धघोषांनी लिहिलेल्या विसुद्धिमग्गात पृथ्वी कसिणाची पूर्ण कृती आहे.

माती अरुणवर्णाची घ्यायची, पहाटेच्या आकाशासारखी तांबूस. निळी, पिवळी, लाल आणि पांढरी माती टाळायची, कारण हे चार रंग स्वतंत्र कसिणे आहेत आणि पृथ्वीऐवजी चित्त रंगाला चिकटते. मातीतून गवत, मुळ्या, खडे, वाळू वेचून काढायची आणि ती चांगली मळायची. नेता येण्याजोगे कसिण हवे असेल तर चार काठ्यांवर कापड, चामडे किंवा चटई ताणून बांधायची आणि त्यावर मातीचे गोल मंडल लिंपायचे. मंडलाचा व्यास एक वीत चार बोटे. पृष्ठभाग दगडी थापीने घासून नगाऱ्याच्या कातड्यासारखा सपाट करायचा. लाकडी थापी चालत नाही. तिने मातीचा रंग बिघडतो.

जागा विहाराच्या मध्यात नको, तिथे ये-जा असते. कडेची एकांताची जागा झाडून, स्नान करून, मंडलापासून अडीच हातांवर बसायचे. आसनाचे पाय एक वीत चार बोटे उंच. हे आकडे का? लांब बसलात तर मंडल नीट दिसत नाही. जवळ बसलात तर मातीतले दोष, बोटांचे ठसे दिसत राहतात. आसन उंच झाले तर मान वाकवून पाहावे लागते, ठेंगणे झाले तर गुडघे दुखतात. डोळे फार ताणून उघडले तर थकतात, अर्धवट मिटले तर मंडल धूसर होते आणि आळस येतो. आरशात पाहताना आपण जसे सहज पाहतो, तेवढेच उघडे ठेवायचे. मनात ‘पठवी, पठवी’ म्हणत कधी डोळे उघडून, कधी मिटून पाहत राहायचे.

डोळे मिटल्यावरही मंडल उघड्या डोळ्यांइतकेच स्पष्ट दिसू लागले की ते उग्गह-निमित्त, म्हणजे मनाने उचललेले चिन्ह. मग त्या जागी बसायचे नाही. आपल्या कुटीत जाऊन तेच निमित्त वाढवायचे. मध्येच ते हरवले तर उठून मंडलाकडे जायचे, पुन्हा धरायचे आणि परत यायचे. त्यासाठी एकेरी तळाच्या वहाणा आणि काठी जवळ ठेवायला सांगितली आहे, म्हणजे परतल्यावर पाय धुण्यात वेळ जाणार नाही. निमित्त हरवते ते अशाच दोन मिनिटांच्या खोळंब्यात, हे ज्यांनी पाहिले होते त्यांनीच ही सूचना लिहिली असणार.

पुढे पटिभाग-निमित्त, म्हणजे त्याचे शुद्ध प्रतिरूप, येते. उग्गह-निमित्तात मातीचे दोष दिसतात, यात दिसत नाहीत. पिशवीतून काढलेला आरसा, स्वच्छ धुतलेली शिंपल्याची तबकडी, ढगाआडून निघालेला चंद्र, काळ्या मेघासमोरचे बगळे, अशा उपमा दिल्या आहेत. ते आले की राजघराण्यातल्या गर्भासारखे जपायचे : राहण्याची जागा, भिक्षेचे गाव, बोलणे, सोबत, अन्न, हवामान आणि बसण्या-चालण्याची रीत, या सातांत जे मानवते तेच ठेवायचे. बडबडीत निमित्त जाते.

प्रश्न : एवढे झाले की माणूस उडू लागतो?

छे, हा तर पाया झाला. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि निळा, पिवळा, लाल, पांढरा या आठ कसिणांवर आठही समापत्ती, म्हणजे ध्यानाच्या एकाहून एक गाढ अवस्था, मिळवायच्या. मग चित्ताला चौदा प्रकारे वळण लावायचे : कसिणे सरळ क्रमाने, उलट क्रमाने, मग सरळ-उलट; ध्याने तशीच; मग एक सोडून एक कसिण, एक सोडून एक ध्यान, दोन्ही एकदम सोडत, असे करत करत. इथे बुद्धघोषांनी हिशेबच मांडला आहे. नवख्याला कसिणाची पूर्वतयारी जमणे कठीण. शंभरांत किंवा हजारांत एखाद्याला जमते. त्यातल्या शंभरांत किंवा हजारांत एखाद्याला निमित्त येते. पुढे ध्यान, चौदा वळणे आणि इद्धी, प्रत्येक पायरीवर पुन्हा तेच प्रमाण. ज्यांना ‘आठवड्यात सिद्धी’ असे काही कोणी विकत असेल त्यांनी हा हिशेब करून पाहावा.

प्रत्यक्ष प्रयोगाची रीत अशी : पायाभूत चौथ्या ध्यानात जायचे, बाहेर यायचे, हवे ते मनात आणायचे (उदाहरणार्थ ‘शंभर होईन’), पुन्हा त्याच ध्यानात जायचे, बाहेर यायचे आणि ठाम अधिष्ठान, म्हणजे संकल्प, करायचे. त्या अधिष्ठानाच्या चित्ताबरोबर ते घडते. नाही घडले तर सगळे पहिल्यापासून. कसिण कामाप्रमाणे निवडायचे. भिंतीतून किंवा डोंगरातून पार जायचे तर आकाश कसिण. जमिनीत बुडी मारायची तर आप कसिण, पाण्यावर चालायचे तर पृथ्वी. सीमाही आखायची असते : एवढीच जागा पाणी होवो. ती जागा त्याच्यापुरती पाणी होते. इतरांसाठी जमीनच राहते, त्यांच्यासाठीही तसे वेगळे अधिष्ठान केले नाही तर. आकाशातून जाताना मध्ये डोंगर किंवा झाड आले तर तिथेच पुन्हा ध्यान आणि आकाशाचे अधिष्ठान.

प्रश्न : भिक्खूने चमत्कार दाखवला तर विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, शिक्षा आहे का? आणि खोटा दावा केला तर?

दोन्हीला आहे, पण त्यांच्यातला फरक पाहा.

राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र कोरून घेतले आणि बांबूला बांबू जोडून त्याच्या टोकाला टांगले. जो अर्हत असेल आणि इद्धिमान असेल त्याने ते काढून घ्यावे, असे जाहीर केले. पिण्डोल भारद्वाज वर उठले, पात्र घेतले आणि राजगृहाभोवती तीन फेऱ्या मारल्या. लोक ओरडत मागे धावले. बुद्धांनी भिक्खूंसमोर त्यांची कडक हजेरी घेतली : क्षुद्र नाण्यासाठी एखाद्या स्त्रीने आपले अंगवस्त्र उघडून दाखवावे तसे तू एका लाकडी पात्रासाठी केलेस. पात्राचे तुकडे करवले आणि ते अंजनात सुगंधासाठी वाटायला भिक्खूंना दिले. गृहस्थांना इद्धी दाखवणे तेव्हापासून दुक्कट, म्हणजे हलक्या वर्गातला दोष. जे खरोखर मिळाले आहे ते अनुपसंपन्नाला, म्हणजे उपसंपदा (पूर्ण भिक्खुदीक्षा) न घेतलेल्याला, सांगणे हा पाचित्तिय, म्हणजे कबुली देऊन सुटणारा दोष.

आणि नसलेल्या सिद्धीचा जाणूनबुजून दावा करणे हा चौथा पाराजिक. मनुष्यहत्येच्या पंक्तीतला हा दोष आहे. भिक्खुपण तिथेच संपते, पुन्हा उपसंपदा नाही. हा नियम दुष्काळातून आला. वज्जी देशात अन्न मिळेना, तेव्हा वग्गुमुदा नदीकाठच्या काही भिक्खूंनी गृहस्थांपुढे एकमेकांच्या अलौकिक प्राप्तीची स्तुती करून पोटे भरली. लोक स्वतःच्या, बायकामुलांच्या तोंडचे काढून त्यांना देत होते. खोट्या सिद्धीला इतकी जबर शिक्षा का, याचे उत्तर त्या ताटात आहे. एक सूट मात्र ठेवली आहे : कोणाला प्रामाणिकपणे वाटले की आपल्याला प्राप्ती झाली आणि तो चुकला, तर तो अधिमान, तो पाराजिक नाही.

प्रश्न : मग बुद्धांनी स्वतः श्रावस्तीला यमक प्रातिहार्य, म्हणजे देहातून एकाच वेळी अग्नी आणि पाणी काढण्याचा जोडचमत्कार, कसे केले?

हाच प्रश्न बिंबिसार राजाने विचारल्याचे धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, आहे. उत्तर असे : तुझ्या बागेतले आंबे दुसऱ्याने खाल्ले तर तू दंड करतोस, तू स्वतः खाल्लेस तर नाही, नियम शिष्यांसाठी आहे. आम्हाला मात्र केवट्ट सुत्तातले उत्तर अधिक मोलाचे वाटते. नालंदेचा केवट्ट नावाचा गृहपती म्हणतो, एखाद्या भिक्खूला चमत्कार करायला सांगा, गावाची श्रद्धा वाढेल. बुद्ध सांगतात, अश्रद्ध माणूस म्हणेल की ही तर गांधारी विद्या, म्हणजे मंत्राची जादू. मनातले ओळखले तर म्हणेल ही मणिका विद्या. चमत्काराने शंका मिटत नाही, तिला फक्त नवे नाव मिळते. म्हणून इद्धी, आदेसना (मनातले ओळखून सांगणे) आणि अनुसासनी या तीन प्रातिहार्यांपैकी ते तिसऱ्याला, म्हणजे शिकवण्याला, वर ठेवतात.

प्रश्न : बुद्धांचे शिष्य महामोग्गल्लान इद्धीत सर्वश्रेष्ठ होते, तरी मारेकऱ्यांनी त्यांना मारले. असे कसे?

अट्ठकथेनुसार ते आधी इद्धीने निसटले होते. शेवटी पूर्वकर्माचा विपाक आला आणि तिथे इद्धी चालली नाही. बुद्धांच्या विरोधात गेलेल्या देवदत्त भिक्खूची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहा. अंगावर साप गुंडाळलेल्या बालकाचे रूप घेऊन त्याने अजातशत्रूला दिपवले. पण ‘संघ मीच चालवीन’ हा विचार मनात येताक्षणी त्याची इद्धी गेली. लौकिक शक्ती ध्यानावर उभी असते आणि ध्यान लोभापुढे टिकत नाही.

प्रश्न : ताओवाद्यांचे ‘शियेन’, म्हणजे अमर झालेले साधक, हे आपले सिद्ध किंवा ऋषी समजावेत का?

शब्दाचा संबंध खरोखरच आहे. भारतीय ग्रंथ चिनीत गेले तेव्हा ‘ऋषी’साठी भाषांतरकारांनी शियेन हाच शब्द घेतला. तो लिहिताना माणूस आणि डोंगर ही दोन चिन्हे शेजारी येतात. पण ध्येय वेगळे. बौद्ध साधकाला जन्मचक्र थांबवायचे असते, तर शियेनला याच देहाचे इतके शोधन करायचे असते की तो मरू नये. झ्वांगझी या ग्रंथात गूये डोंगरावरच्या दिव्य पुरुषाचे वर्णन आहे : कांती बर्फासारखी, पाच धान्ये खात नाही, वारा पितो, दव पितो, ढगांवर बसून जातो. उडणे, उपवास आणि चिरतारुण्य हे तिन्ही तिथून पुढे चालत राहिले.

ताओवादी लेखक गे होंग (२८३–३४३) यांच्या बाओपूझी या ग्रंथात शियेनांचे तीन दर्जे सांगितले आहेत : देहासकट आकाशात जाणारे, प्रसिद्ध डोंगरांत फिरत राहणारे पृथ्वीवरचे, आणि आधी मेल्यासारखे होऊन नंतर कात टाकावी तसे देह टाकणारे. पात्रतेचे गणितही आहे. पृथ्वीवरचा शियेन व्हायला ३०० सत्कृत्ये, आकाशातला व्हायला १२००. आणि ११९९ झाल्यावर एक दुष्कृत्य झाले तर आधीची सगळी शून्य! औषध कितीही उत्तम असो, सत्कृत्ये पुरी नसतील तर ते लागू पडत नाही, असे गे होंग बजावतात. ताओ साधनेला नुसती जादू समजणाऱ्यांच्या नजरेतून हे पान हमखास सुटते.

प्रश्न : ताओवाद्यांच्या ‘गर्भश्वासा’ची कृती कळेल का?

गे होंग सांगतात ती अशी. वेळ मध्यरात्र ते मध्यान्ह. या काळातली हवा ‘जिवंत’, मध्यान्हानंतरची ‘मृत’. नाकाने श्वास घेऊन रोखायचा, मनात १२० मोजायचे, मग तोंडाने अगदी हळू सोडायचा. घेताना-सोडताना स्वतःच्या कानालाही आवाज येता कामा नये. आत जास्त, बाहेर कमी. कसोटी म्हणून नाका-तोंडाशी हंसाचे पीस धरायचे. श्वास सोडताना ते हलले नाही तर बरोबर. मोजणी वाढवत वाढवत १००० पर्यंत न्यायची.

पीस पहिल्याच दिवशी काय ते सांगते. ओढूनताणून रोखलेला श्वास सुटताना धक्का देतो आणि पीस उडते. म्हणजे जमले नाही, आकडा कमी करा. १२० हा नवशिक्यासाठी लिहिलेला आकडा असला तरी तो मोठा आहे. रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार किंवा गर्भारपण असेल तर श्वास रोखण्याच्या वाटेला जाऊच नये. पाण्यात तर कोणीच हे करू नये. श्वास रोखताना तिथे शुद्ध गेली तर जीव जातो.

प्रश्न : हिंगुळाचे ‘सोनेरी अमृत’ खरेच घेत असत? आज घेता येईल?

घेत असत, आणि मरत असत. आज घेऊ नका, थोडेसेही नाही.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. तापवला की पारा सुटतो आणि त्यातून पुन्हा लाल हिंगूळ करता येतो. जळूनही परत येणारा हा पदार्थ पाहून त्यात अमरत्व दिसणे समजण्यासारखे आहे. पण तापवताना निघणारी पाऱ्याची वाफ मेंदू, मूत्रपिंड आणि मज्जासंस्था नासवते. चीनच्या थांग घराण्यातले सम्राट मूझोंग (८२४), वूझोंग (८४६) आणि श्वेनझोंग (८५९) यांचे मृत्यू अशाच औषधांशी जोडले जातात. सर्वांत घातक भाग असा की अंगावर किडे फिरल्यासारखी खाज, हातापायांना सूज, ओकारी ही विषाची लक्षणे काही जुन्या ग्रंथांनी औषध लागू पडत असल्याची खूण ठरवली. मग थांबणार कोण?

पुढे भट्टी शरीरात नेली गेली. या ‘आतल्या किमये’त जिंग, छी आणि शेन, म्हणजे बीज, प्राण आणि चित्त, हीच द्रव्ये. पायाचे शंभर दिवस, गर्भाचे दहा महिने, संगोपनाची तीन वर्षे, भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षे, असा तिचा प्रचलित हिशेब आहे. ताओवादाच्या छ्वानझेन शाखेचे छ्यू छूजी १२२२ मध्ये हिंदुकुशाच्या परिसरात चंगीझखानाला भेटले. खानाने अमरत्वाचे औषध मागितले. सत्तरी ओलांडलेल्या या साधूने जगज्जेत्याला तोंडावर सांगितले : आयुष्य जपण्याचे मार्ग आहेत, अमर करणारे औषध नाही.

प्रश्न : तिबेटी तुम्मोवर, म्हणजे देहात उष्णता निर्माण करण्याच्या ध्यानावर, शास्त्रीय मोजमाप झाले आहे का?

हो. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तीन साधकांवरची निरीक्षणे प्रसिद्ध केली. हातापायांच्या बोटांचे तापमान ८.३ अंश सेल्सियसपर्यंत वाढलेले आढळले. ही बोटांची वाढ आहे, सगळ्या शरीराची नव्हे. उद्धृत करताना हा फरक गाळला जातो.

प्रश्न : ध्यानात मला प्रकाश दिसतो, कधी कोणी बोलल्यासारखे ऐकू येते. ही दिब्बचक्खु, दिब्बसोताची सुरुवात असेल का?

बहुधा नाही. चौथे ध्यान हाताशी नसताना दिसणारा प्रकाश फार तर एकाग्रता वाढल्याची खूण. चीनमध्ये मान्यता पावलेल्या शूरंगम सूत्रात अशा पन्नास अवस्थांची यादी आहे, पंचस्कंधांतल्या, म्हणजे माणूस ज्या पाच घटकांचा बनतो त्यांतल्या, प्रत्येकाच्या दहा. तिथला निकष एकच : ‘मी सिद्ध झालो’ असे मनात आणले नाही तर अवस्था चांगली, आणले की घसरण सुरू. प्रकाश आला, येऊ द्या. मूळ आलंबन, म्हणजे ध्यानाचा विषय, सोडून त्याच्या मागे जाऊ नका.

डोके तापणे, झोप उडणे, छातीत धडधड, कानात आवाज, असे होत असेल तर जोर कमी करा. जपानी झेन गुरू हाकुइन (१६८६–१७६९) यांनी अशा आजारावर उतारा सांगितला आहे. डोक्यावर बदकाच्या अंड्याएवढा सुगंधी लोण्याचा गोळा ठेवला आहे अशी कल्पना करायची. तो वितळून कपाळावरून, खांद्यांवरून, छाती-पोटातून, कण्यावरून, मांड्यांतून तळपायांपर्यंत ओघळू द्यायचा. लक्ष डोक्यातून खाली उतरते, हेच त्याचे काम.

आवाज मात्र ध्यानाबाहेरही ऐकू येऊ लागले, ते काही करायला सांगू लागले किंवा दोन-तीन रात्री झोपच लागली नाही, तर ध्यान पूर्ण थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञाला त्याच आठवड्यात भेटा. भेटताना रोज किती तास आणि कोणत्या पद्धतीने बसत होता, हे लिहून न्या.